पायांतलं पाठांतर

श्रावण लागला की कसब्यात पावसापेक्षा पाठांतराचा आवाज जास्त येतो. ओसरीवर, देवळाच्या मंडपात, हौदाच्या कट्ट्यावर, कुठे ना कुठे कुणीतरी डोळे मिटून पुटपुटत असतं. बाहेरगावचे शास्त्री पुण्यात उतरलेले असतात, श्रीमंतांच्या राज्यातले विद्यार्थी परीक्षेला बसायचे असतात, आणि या महिन्यात गल्लीतली कुत्रीसुद्धा जरा दबकून भुंकतात असं आमच्या पाठशाळेत म्हणायचे.

या श्रावणाच्या सुरुवातीला एका सकाळी मी हौदावर हंडा भरत होतो. कात्रजहून नळाने येणारं पाणी या दिवसांत मातकट होतं, म्हणून हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून सावकाश भरावं लागतं. शेजारी कट्ट्यावर दोन विद्यार्थी बसले होते. एकाने श्लोकाचा आरंभ सांगायचा, दुसऱ्याने तो पुरा करायचा.

“हं, पुढे?”

“येतंय.”

“कुठून येतंय? साताऱ्याहून?”

“अरे थांब ना जरा.”

“मी थांबतो की. श्रावण थांबतो का बघ.”

दोघंही हसले. तो श्लोक मला येत होता. अजून येतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि हंडा भरला होता. मी तो खांद्यावर घेतला आणि निघालो.

मला हे नीट लिहिता येईल का, याची शंका आहे. आमच्या घरात बोरू हातात धरणारा मी पहिलाच. माझे आजोबा आचारी होते. बाबा आचारी आहेत. दसरा झाला की सरदारांची फौज मोहिमेवर निघते आणि तिच्याबरोबर मुदपाकखाना, म्हणजे सगळा स्वयंपाकाचा संसार, निघतो. बाबा त्यातले. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून बाबा मोहिमेवर गेले की मी शेजाऱ्यांकडे, आणि पावसाळ्यात ते परतले की आम्ही दोघं कसब्यातल्या आमच्या परसातल्या खोलीत. बाबांना अक्षर येत नाही. घरच्या पूजेपुरते मंत्र येतात, तेही त्यांच्या चालीवर. पण कुणाच्या तरी पंगतीत वाढताना त्यांनी एका विद्वानाला बोलताना ऐकलं आणि घरी येऊन म्हणाले, “गोविंदा, तू तसा बोलशील का रे?” मी तेव्हा इतका लहान होतो, की हो म्हणून मोकळा झालो.

गेल्या श्रावणात त्या ‘हो’चा निकाल लागायचा होता. शास्त्रीबुवांनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, साफ सांगितलं होतं. काव्य पक्कं आहे हे श्रावणातल्या परीक्षेत दिसलं तर व्याकरणाला बसवीन, नाही तर दुसऱ्या कुणाला जागा हवी आहे. बाबांनीही सांगितलं होतं, पण त्यांचं सांगणं मऊ होतं. “यंदा झालं तर शिकत राहा. नाही झालं तर दसऱ्याला माझ्याबरोबर चल. मला आताशा चुलीपलीकडचं नीट दिसत नाही.”

दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कानावर पडल्या. त्यानंतर मी किती मेहनत केली, हे आता सांगताना मलाच संकोच वाटतो. मेहनतीचं वर्णन यश मिळालेल्यांनी करावं. आमच्यासारख्यांनी केलं की ती तक्रार वाटते.

तरी सांगतो, कारण विद्यार्थ्याला ज्या सवयी असाव्यात म्हणून सांगितलं जातं, त्या सगळ्या मला होत्या. पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचो. मुठेवर अंघोळ करून ओल्या धोतराने संथेला हजर असायचो. शास्त्रीबुवा एक चरण म्हणत, आम्ही तो पुन्हा म्हणायचा, पुन्हा म्हणायचा, जीभ स्वतःहून वळेपर्यंत म्हणायचा. याला संथा म्हणतात. नवा पाठ घेण्याआधी कालचा म्हणायचा, कालच्याआधी परवाचा. मनातल्या मनात म्हणायचं नाही, मोठ्याने म्हणायचं, म्हणजे चूक लपत नाही. पोट गच्च भरायचं नाही. प्रतिपदेला आणि अष्टमीला सुटी, तेव्हा बाकीचे नदीवर डुंबायला जात. मी त्या दिवशी नवं शिकायचं नाही हा नेम पाळायचो, पण जुनं म्हणत हिंडायचो. माझ्याबरोबर शिकणारा विनायक मला म्हणायचा, “गोंद्या, देवालासुद्धा आज सुटी आहे. तुझं काय जळतंय?”

जळत होतं खरं. पण काय, ते तेव्हा कळत नव्हतं.

सवयींत मी एकाच ठिकाणी चुकलो. मला बसता येत नव्हतं.

हे ऐकून हसू येईल. बसायला काय शिकावं लागतं? पण आमच्या घरात बसणं म्हणजे काम नसणं. बाबा उभ्याने चिरत, उभ्याने ढवळत, चुलाणापासून कोठीपर्यंत आणि कोठीपासून पंगतीपर्यंत चालत. मोठ्या मुदपाकखान्यात जो बसला तो आजारी तरी, नाही तर कामचुकार तरी. लहानपणी मी चुलीपाशी नुसता बसलेला दिसलो की बाबा म्हणायचे, “काय रे, बरं नाही का?” विनायकच्या घरी उलट. त्याचे आजोबा बसत, वडील बसत, काका बसत. सकाळभर एका पाटावर, समोर पोथी, मांडी न मोडता. आणि त्या बसण्यालाच त्यांच्या घरात काम म्हणत. घरातली लहान मुलं त्यांच्या बाजूने पाय न वाजवता जात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला खरोखर वाटलं, की या घरात कुणाला तरी बरं नाही.

मी बसलो की मला झोप यायची. झोप नाही आली तर अपराधी वाटायचं, कुणीतरी मागून “बरं नाही का?” विचारील असं वाटायचं. उठून चालू लागलो की शब्द आपोआप सुटायचे. म्हणून मी चालत पाठ करू लागलो. आणि मला चालायला निमित्तही होतं. पाठशाळेतल्या मुलांनी मधुकरी मागायची, ठरलेल्या घरांच्या दाराशी उभं राहून शिजलेलं अन्न झोळीत घ्यायचं, हा शास्त्रीबुवांचा नियम. बाप गावात असो वा नसो.

माझी घरं देवळापासून सुरू व्हायची आणि कुंभारवाड्याच्या अलीकडे संपायची. मधे तांबट आळी. तिथे हातोड्यांचा इतका ठणठणाट की स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ओरडावं लागे. तिथे मी युद्धाचे श्लोक म्हणत असे, ठोक्यावर ठोका बसायचा. पिंपळापाशी नदीचं वर्णन. एका घराच्या पायरीवर काळी गाय बसलेली असायची, तिला वळसा घालताना एक लांबलचक समास यायचा, तो गाय संपेपर्यंत पुरायचा. यमुनाकाकूंच्या दारात विरहाचे श्लोक, कारण त्यांच्याकडे भात नेहमी व्हायचा असे आणि उभं राहावं लागे. उभं म्हणजे काय, मी तिथेही अंगणात येरझाऱ्या घालायचो.

“अरे, उभा राहा की जरा! घेरी येते मला तुझ्याकडे बघून,” काकू आतून म्हणायच्या.

“काकू, थांबलो तर जातं.”

“काय जातं?”

“श्लोक.”

“मग तुझा श्लोक नव्हे रे तो, मांजर आहे.”

त्या भात वाढायच्या, वर हटकून लिंबाची फोड ठेवायच्या. मी पुढच्या दाराला जायचो आणि पुढचा श्लोक तिथे माझी वाट बघत असायचा. खरंच तसं वाटायचं. जणू मी ते पाठ केलेच नव्हते. ते त्या पायऱ्यांवर, उंबऱ्यांवर, कट्ट्यांवर ठेवलेले होते, आणि मी झोळी घेऊन फक्त गोळा करत होतो.

पाठशाळेत हे सगळ्यांना ठाऊक झालं. कुणी म्हणे, आचाऱ्याचं पोर, श्लोक ढवळल्याशिवाय शिजायचा नाही. मी हसायचो. हसण्यावाचून काय करणार? शास्त्रीबुवा मात्र हसत नसत. ते सडपातळ, बारीक आवाजाचे, आणि बोलणं सुरीसारखं. शिव्या त्यांनी कधी दिल्या नाहीत, अहोजाहो करत आणि तेच जास्त लागे.

“गोविंदराव, आपली विद्या गुडघ्यापर्यंत आली आहे. डोक्यापर्यंत कधी यायची?”

मी उभ्याउभ्या पाय बदलायचो.

“बसा. मांडी घाला. आता म्हणा.”

मी बसायचो. पहिला चरण यायचा, दुसरा यायचा, तिसऱ्यापाशी धुकं. मी उठायला बघायचो.

“उठू नका. न येणारं घेऊन बसा थोडा वेळ. विद्यार्थ्याचं निम्मं काम तेच असतं.”

आज वाटतं, त्यांनी मला शिकवलेल्या सगळ्यात हेच एक वाक्य माझ्यासाठी होतं. बाकी सगळं सगळ्यांसाठी होतं. पण मला ते कळलंच नाही. मला वाटलं, ते म्हणताहेत की पाठांतर कच्चं आहे. आणि कच्च्याला माझ्याजवळ एकच उपाय होता. आणखी म्हणायचं. म्हणजे आणखी चालायचं. जे चुकत होतं तेच मी दुप्पट मेहनतीने करू लागलो.

त्यातून पाऊस वाढला. आळीत चिखल झाला, चालता येईना. आमच्या खोलीला लागून एक पडवी आहे, तिथे बाबा लाकडं रचून ठेवत. कोरडी जागा तेवढी एकच. मी दारात उभा राहून पावसाकडे बघतोय हे बाबांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाठशाळेतून आलो तर पडवी मोकळी. लाकडं परसात, वर पत्रावळींचा जुना भारा झाकलेला, त्याच्यातून पाणी ठिबकतंय.

“बाबा, लाकडं भिजतील.”

“भिजू देत. लाकूड वाळतं रे. तुला फिरायला झालं ना?”

त्यांना वाटायचं, मी चालतोय म्हणजे काम चाललं आहे. त्यांच्या जन्माचा अनुभव तसाच होता. संध्याकाळी मी पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत श्लोक म्हणत हिंडायचो आणि ते आत ओल्या लाकडांशी झटायचे. खोली धुराने भरायची. मधूनच फुंकणी थांबायची आणि ते डोळे पुसत ऐकत राहायचे. एकदा मी अडखळलो तर आतून हाक आली, “काय झालं? दमलास?” मी पुन्हा चालू लागलो तेव्हा फुंकणी पुन्हा सुरू झाली. तो सगळा श्रावण मला त्या धुराच्या वासाने आठवतो. माझ्या अंगरख्याला, झोळीला, श्लोकांनासुद्धा तो वास होता. त्यांचे डोळे आधीच अधू होते. पण त्या ओल्या लाकडांचा धूर त्यात भर घालतोय हे मला दिसत होतं, आणि मी चालत होतो. मला वाटत होतं, उत्तीर्ण झालो की सगळं भरून निघेल.

परीक्षेचा दिवस उघडिपीचा होता. श्रीमंतांच्या वाड्याच्या एका लांब दालनात बैठक घातलेली, तिच्यावर परीक्षक शास्त्री, समोर विद्यार्थ्यासाठी पाट. बाजूला आमचे गुरुजी आणि इतर पाठशाळांचे गुरुजी. जमीन शेणाने सारवलेली नव्हे, चुन्याने घोटलेली, इतकी गुळगुळीत की मला पाय कुठे ठेवावा ते समजेना. मी पाटावर मांडी घातली. परीक्षकांनी एका श्लोकाचे पहिले शब्द उच्चारले आणि माझ्याकडे पाहिलं.

नदीचं वर्णन. पिंपळापाशी म्हणायचो ते. मला इतका आनंद झाला! मी म्हटलं. पहिला चरण आला, दुसरा आला.

तिसरा आला नाही.

मी मनात पिंपळाकडे जायला निघालो. देवळापासून निघालो, वळलो, पण ती आळी काही केल्या सरकेना. माणूस स्वप्नात धावायला बघतो आणि पाय उचलत नाहीत, तसं. मांडीखाली माझ्या पायांची बोटं हलत होती. दालनात कुठे पायरी नव्हती, कट्टा नव्हता, गाय नव्हती. नुसत्या भिंती, आणि त्यांच्यावर काही ठेवलेलं नव्हतं.

“हं?” परीक्षक म्हणाले. ते वाईट नव्हते. वाट बघत होते.

मी धीर केला. आजवर मोठ्या माणसासमोर मी स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट. “महाराज, उभं राहून म्हणू का?”

“का? कुठे जायची घाई आहे?”

दालन हसलं. ते स्वतःही हसले, आणि मला वाटतं, माझी भीती जावी म्हणून त्यांनी ती थट्टा केली होती. पण ‘मला चालल्याशिवाय येत नाही’ हे वाक्य त्या दालनात कसं म्हणायचं? मी बसून राहिलो. त्यांनी दुसरा श्लोक दिला. तांबट आळीतला. तिथे तर हातोडे बंदच होते. मग तिसरा. मी गुरुजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

बाहेर आलो. वाड्याच्या दरवाज्यातून पायऱ्या उतरू लागलो आणि अर्ध्यावर नदी आली. चारही चरण, एकही मात्रा न ढळता. त्या पायऱ्यांवर मी रडलो असेन, नक्की आठवत नाही. मागे वळून वर जावं असं वाटलं होतं. पण वर दुसरा विद्यार्थी बसला होता, त्याचा आवाज येत होता.

घरी बाबांनी काही गोड करून ठेवलं होतं. काय ते आठवत नाही, वेलदोड्याचा वास आठवतो.

“काय विचारलं?”

“येत होतं तेच.”

“मग?”

“म्हणता आलं नाही.”

त्यांनी विचार केला. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. “मीठ घालायचं राहून जातं, तसं का? अरे, मग वरून घालता येतं की. मागून आठवलं ना तुला? उद्या जाऊन सांग त्यांना.”

“बाबा, पंगत उठली.”

हे त्यांना लगेच कळलं. पंगत उठली म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते उठले आणि परसातली लाकडं परत पडवीत आणू लागले. दिसत नव्हतं नीट, म्हणून एकेक चाचपून. मीही उठलो आणि आणू लागलो. त्या दिवशी मी चाललो, पण काही म्हटलं नाही.

दोन दिवसांनी विनायक आला. तो उत्तीर्ण झाला होता. त्याने मन लावून अभ्यास केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

“गोंद्या, तुला एक सांगायचं आहे. रागावू नकोस.”

“बोल.”

“मला जे विचारलं ना, ते मी घोकलंच नव्हतं. तू रोज आमच्या दारावरून म्हणत जायचास. मी ओसरीवर बसलेला असायचो. तिथे कानावर पडलं तेवढंच. पाटावर बसलो, डोळे मिटले आणि ते आलं. तुझ्याच आवाजात आलं रे. तू कुठे श्वास घेतोस, तिथेच मी घेतला.”

मी रागावलो नाही. राग यायलाही कुठेतरी आपला हक्क लागतो. मी एवढंच विचारलं, “सगळं आलं?”

“सगळं.”

“चांगलं झालं,” मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो, हे लिहिताना मला बरं वाटतं. पण तो गेल्यावर मी कितीतरी वेळ पडवीत उभा होतो. माझा आवाज त्याच्याकडे बसला होता. माझ्याकडे तो कधी बसलाच नाही.

दसऱ्याला आम्ही मोहिमेवर निघालो. बाबा आणि मी. तिथल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ फारसं नाही. हंडे, चुलाणं, माश्या, तळ हलवणं. एक गोष्ट मात्र झाली. पहाटे कोंबड्याच्या आधी जाग यायची. मी उठून बसायचो आणि मग आठवायचं, की संथा नाही. विद्या माणसाला सोडून जाते म्हणतात, पण तिच्या सवयी नाहीत हो जात. त्या दारात बसून राहतात, धनी परगावी गेलेल्या कुत्र्यासारख्या. मी अजून नवं काही ऐकलं की आधी कालचं म्हणून बघतो. अजून पोट गच्च भरत नाही. अष्टमीला अजून वाटतं, आज सुटी. कशाची?

लोक म्हणतात, कष्ट वाया जात नाहीत. मला हे खरं मानायची फार इच्छा आहे. मी स्वतःशी ते अनेकदा म्हणून पाहिलं आहे, बसून आणि चालत. ते पाठ होत नाही.

आता पुन्हा श्रावण आहे. परीक्षा संपल्यावर एका सरदारांच्या वाड्यात शास्त्र्यांची आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांची पंगत होती, तिथे स्वयंपाक आमच्याकडे होता. म्हणजे माझ्याकडे. बाबा आता चुलाणाजवळ पाटावर बसतात. मी समोरून गेलो की अपराध्यासारखं म्हणतात, “बसलोय रे जरा.” दर वेळी म्हणतात. जणू मी त्यांना विचारणार आहे, की बरं नाही का?

पानं मांडली होती, रांगोळ्या काढल्या होत्या. मी सोवळ्याचा मुकटा नेसून, डाव्या हातात वरणाचं तपेलं आणि उजव्या हातात ओगराळं घेऊन पंगतीच्या या टोकाला उभा राहिलो. वाकून वाढायचं, पाऊल टाकायचं, वाकायचं, पाऊल टाकायचं. रिवाजाप्रमाणे पंगतीत एकेकाने श्लोक म्हणायला सुरुवात केली. एका तरुण मुलाची पाळी आली. आवाज गोड होता. त्याने नदीचं वर्णन घेतलं, आणि तिसऱ्या चरणाशी अडला.

मी चालत होतो. मला काही करावंच लागलं नाही. पानापानाशी चरण उभे होते. इथे नदी, तिथे वळण, पुढच्या पानाशी तो लांबलचक समास, आणि मला काळी गाय दिसली, यमुनाकाकूंची लिंबाची फोड दिसली, पडवी दिसली. सगळं काव्य त्या केळीच्या पानांवर ओळीने मांडलेलं होतं आणि मी वाढत नव्हतो, गोळा करत होतो. ओठ हलत असणार. आवाज मात्र नव्हता. वाढणाऱ्याने पंगतीत बोलायचं नसतं. त्या मुलाला शेजारच्याने ओळ पुरवली, पंगत ‘वाहवा’ म्हणाली, आणि कुणीतरी मला म्हणालं, “अहो, इकडे वरण.”

वाढत वाढत मी एका पानासमोर आलो आणि थांबलो. बारीक हात पानावर आडवा धरलेला होता, नको म्हणून. मी वर पाहिलं. शास्त्रीबुवा. वर्षभरात पहिल्यांदाच.

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. आणि मी थांबलो होतो, म्हणून ओठही थांबले होते. चरण मधेच तुटला होता. त्यांना तो कुठे तुटला ते कळलं असणार. त्यांना सगळंच कळायचं. त्यांचा हात पानावर तसाच राहिला. मी तपेलं धरून उभा. मला वाटलं, आता ते म्हणतील, बसा. मांडी घाला. न येणारं घेऊन बसा. त्यांनी ते म्हटलं असतं, तर मी तपेलं खाली ठेवून त्या पंगतीत, त्या ओल्या फरशीवर, खरंच बसलो असतो.

त्यांनी हात काढून घेतला. माझ्याकडे न पाहता, पानाकडे पाहत, त्याच बारीक आवाजात म्हणाले, “थांबू नका. चालत राहा.”

त्यांनी आयुष्यात कुणाला असं सांगितलं नसेल.

मी पाऊल उचललं. पुढच्या पानाशी उरलेला चरण आला, पुरा, स्वच्छ. मी वरण वाढलं. त्या माणसाने भात कालवला.